ऊब कुठली, बिघाड कुठला

कोल्हापुरात ऑर्केस्ट्राच्या जमान्यातला एखादा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा गिटार अ‍ॅम्प माळ्यावरून खाली येतो. कुणीतरी त्याचा प्लग थेट भिंतीत खुपसतं आणि जी घूंऽऽ ऐकू येते तिलाच ‘व्हिंटेज टोन’ म्हणून मोकळं होतं. ती घूं बहुतेक वेळा वाळलेल्या कंडेन्सरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाची असते. व्हॉल्व्हची खरी ऊब वेगळी.

व्हॉल्व्हच्या नळीत हवा नसते. आतला कॅथोड, म्हणजे ऋण टोक, 6.3 व्होल्टच्या हीटरवर तापतो, त्याच्यावरच्या बेरियम-स्ट्रॉन्शियम ऑक्साइडच्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि दोन-अडीचशे व्होल्टच्या प्लेटकडे, म्हणजे धन टोकाकडे धावतात. वाटेत तारेची जाळी, म्हणजे ग्रिड. ती ली डी फॉरेस्टनं 1906 साली घातली. राजाराम बंधाऱ्याचे बरगे जरा खालीवर केले की केवढं पाणी अडतं-सुटतं, तसंच ग्रिडवरच्या इवल्याशा व्होल्टेजनं प्लेटचा मोठा प्रवाह हलतो. सिग्नल फार वाढला तर व्हॉल्व्ह लाटेचं टोक हळूहळू चेपतो, ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प ते सहसा एकदम छाटतो. ऊब आहे ती या चेपण्यात, आणि स्पीकर चालवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर व स्पीकर यांच्या जोडीत. तिथं हात लावायचा नाही.

घूं येते पॉवर सप्लायमधून. आपली वीज 50 हर्ट्झची, रेक्टिफाय झाल्यावर, म्हणजे एकाच दिशेनं वाहती केल्यावर, तिची लहर 100 हर्ट्झची होते आणि ती सपाट करायचं काम इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं. वर्षानुवर्षं पडून राहिला की त्यातला द्रव सुकतो, अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर खराब होतो. अशाला एकदम साडेतीनशे व्होल्ट दिले तर तो तापतो, फुटतोही. म्हणून आधी अ‍ॅम्पच्या मेन्स वायरला सिरीजमध्ये 60 वॅटचा बल्ब लावायचा. बल्ब जुनाच, तारेचा; एलईडीचा इथं उपयोग नाही. तो भडक पेटून तसाच राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे.

आणि बंद केलेला अ‍ॅम्प म्हणजे मेलेला अ‍ॅम्प नव्हे. 50 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर 400 व्होल्ट असतील तर 4 ज्यूल ऊर्जा तिथं टपून बसलेली असते. नवीन कंडेन्सर टाकतानाच त्याला समांतर 220 किलोओहम, 2 वॅटचा रेझिस्टन्स डाग देऊन टाकावा. मिनिटाभरात व्होल्टेज दोनच्या खाली येतं. तरी मीटर लावल्याशिवाय हात घालू नये.

सगळ्यात लबाड भाग म्हणजे दोन टप्प्यांमधला कपलिंग कंडेन्सर. तो सिग्नल पुढच्या व्हॉल्व्हकडे जाऊ देतो, मागचा डीसी व्होल्टेज अडवतो. दिसायला ठणठणीत. पण दमट हवेत राहिलेला जुना कागदी कंडेन्सर थोडा गळू लागतो. समजा त्याच्या एका टोकाला 200 व्होल्ट आहेत, त्याचा रोध 50 मेगाओहमवर घसरलाय आणि पुढच्या ग्रिडला 470 किलोओहमचा रेझिस्टन्स आहे. हिशेब केला तर ग्रिडवर जवळजवळ 2 व्होल्ट धन चढतात. पुढे ईएल 84 हा आउटपुट व्हॉल्व्ह असेल तर ग्रिडवरच्या एका व्होल्टला अकरा मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे कागदावर बावीस मिलिअँपिअर जादा. कॅथोडचा रेझिस्टन्स त्यातले काही आवरतो. पण 250 व्होल्ट आणि 48 मिलिअँपिअरवर या व्हॉल्व्हचे 12 वॅट आधीच भरलेले असतात. जादा भार आला की प्लेट लालबुंद होते. लोक व्हॉल्व्ह बदलतात, नवाही जळतो, आणि दोष मात्र व्हॉल्व्ह विकणाऱ्याच्या माथी. आउटपुट व्हॉल्व्ह काढून ग्रिडच्या पिनवर मीटर धरला तर चोर लगेच सापडतो.

आधुनिकीकरण म्हणून माझ्या मते एवढंच करावं: तीन तारांची वायर आणि चासीला पक्कं अर्थिंग, योग्य फ्यूज, मेन्स आणि चासीमधला जुना कंडेन्सर काढून टाकणं. ट्रान्सफॉर्मरला 240 व्होल्टची टॅप असेल तर तीच वापरावी. 220 च्या टॅपवर 240 दिले की हीटरच्या 6.3 व्होल्टचे जवळपास 6.9 होतात. टोनचे कंडेन्सर ‘चांगल्या क्वालिटीचे’ म्हणून उपटणं हा शुद्ध आगाऊपणा.

स्पीकर न जोडता मात्र अ‍ॅम्प वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. गेलाच, तर शेतीपंपाची मोटार भरणाऱ्याकडे तो नुसता टाकून येऊ नये. चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी (व्हॉल्व्हकडचं) आणि सेकंडरी (स्पीकरकडचं) गुंडाळीचे थर एकाआड एक असतात. सगळी तार सलग गुंडाळली तर अ‍ॅम्प वाजेल, पण वरचे सूर दबतील. उकलतानाच प्रत्येक थराचे वेढे आणि तारेचा गेज वहीत लिहून घ्यायला सांगा.