सेन्सरच्या रीडिंगमागची वेळेची गणितं

वरुड-मोर्शी पट्ट्यात आंबिया बहारासाठी संत्र्याची बाग ताणावर सोडतात, म्हणजे काही दिवस पाणी बंद ठेवतात. ताण कधी तोडायचा हे मातीतल्या ओलाव्यावर ठरतं, आणि भारी काळ्या जमिनीत तो वरून कळत नाही. म्हणून आता कुणी कुणी ओलाव्याचा सेन्सर मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकाला, जोडून झाडाच्या आळ्यात रोवतो. सेन्सर ओलाव्याप्रमाणे व्होल्टेज देतो, चिप त्याचा आकडा करते; तेच रीडिंग. रीडिंग उड्या मारू लागलं की सगळा दोष सेन्सरवर येतो. माझं ठाम मत आहे, आधी मोजण्याची वेळ तपासावी.

व्होल्टेजचा आकडा करण्याची खटपट मुळात टेलिफोनसाठी झाली. आवाजाचे नमुने किती वेळा घ्यावेत याचा पाया अभियंते नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये घातला, गणितज्ञ शॅनन यांनी १९४९ मध्ये तो पक्का केला. मधल्या काळात, १९३७-३८ च्या सुमारास, अभियंते अ‍ॅलेक रीव्हज यांनी आवाज आकड्यांत पाठवण्याची पद्धत मांडली.

आकडा काढण्याची रीत मात्र कितीतरी जुनी. १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जाणारी वजनं काट्यावर टाकत वस्तू तोलण्याचं कोडं इटालियन गणिती तार्तालिया यांनी १५५६ मध्ये सोडवलं होतं. चिपमध्ये तेच चालतं: आधी अर्धं व्होल्टेज लावून बघायचं, कमी पडलं तर ठेवायचं, जास्त झालं तर काढायचं, मग त्याच्या निम्मं. अमेरिकन अभियंते बर्नार्ड गॉर्डन यांनी १९५४ मध्ये याच रीतीचं यंत्र विकायला आणलं. ११ बिट (म्हणजे अशी ११ वजनं), सेकंदाला ५०,००० रीडिंग, आतमध्ये व्हॅक्यूम ट्यूब आणि वजन सुमारे ७० किलो! १९७० च्या दशकाअखेर हे काम मायक्रोकंट्रोलरच्या पोटात शिरलं.

आर्डुइनो उनो (R3) या मायक्रोकंट्रोलर बोर्डमधला कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, १० बिटचा. १६ मेगाहर्ट्झला १२८ ने भागून त्याला १२५ किलोहर्ट्झचं घड्याळ मिळतं, म्हणजे एक ठोका ८ मायक्रोसेकंदांचा. एका रीडिंगला १३ ठोके, १०४ मायक्रोसेकंद. यातल्या पहिल्या दीड ठोक्यात, फक्त १२ मायक्रोसेकंदांत, आतला इवलासा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) सेन्सरच्या व्होल्टेजपर्यंत भरावा लागतो. सेन्सरकडचा रोध १० किलोओहमपर्यंत असेल तर तो आरामात भरतो. रोध त्याहून बराच मोठा असला की आधी मोजलेल्या चॅनेलचं (दुसऱ्या सेन्सरच्या जोडणीचं, समजा तापमानाच्या) व्होल्टेज थोडं मागे राहतं आणि ओलाव्याच्या आकड्यात तापमान मिसळतं. चॅनेल बदलल्यावर पहिलं रीडिंग टाकून देण्याची सवय यातूनच आली.

दुसरा त्रास विहिरीवरच्या मोटारीचा. थ्री फेज आली, पंप सुरू झाला की लांब वायरीत ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. सलग १९२ रीडिंगांना जवळपास तेवढाच वेळ लागतो. त्यांची सरासरी घेतली की गुणगुणीचा वरचा-खालचा भाग एकमेकांना खातो. वायरमनच्या हातातले बरेच डिजिटल मल्टिमीटर विजेच्या आवर्तनाच्या पटीत मोजतात, ते याचसाठी.