प्रथिन-स्फटिक संरचनेतील गहाळ अवशेष

क्ष-किरण स्फटिकशास्त्राने उलगडलेल्या प्रथिनाच्या मॉडेलमध्ये साखळीतली काही अमिनो आम्ले दाखवलेलीच नसतात. त्यांना गहाळ अवशेष म्हणतात. पेप्टाइड बंध जुळताना पाण्याचा रेणू निघून जातो आणि अमिनो आम्लाचा जो भाग साखळीत उरतो, तो 'अवशेष'. 'गहाळ' हा शब्द मात्र फसवा आहे. हे अवशेष बहुधा स्फटिकात असतातच, फक्त दिसत नाहीत.

विवर्तनातून, म्हणजे स्फटिकावरून क्ष-किरण विखुरण्यातून, हाती येतो तो इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा, आणि तोही स्फटिकातल्या असंख्य रेणूंची सरासरी. जो तुकडा प्रत्येक रेणूत वेगळ्या जागी हेलकावतो, त्याची घनता पुसट होत विरून जाते. साखळीची टोके, पृष्ठभागावरचे लूप (साखळीची लवचिक वळणे), शुद्धीकरणासाठी जोडलेली हिस्टिडीनची शेपटी हे नेहमीचे गैरहजर.

प्रथिनांच्या संरचना साठवणाऱ्या, १९७१ साली सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेच्या पारंपरिक फाइलीत 'सेकरेस' या ओळींत पूर्ण क्रम असतो, तर 'ॲटम' या ओळींत जागा ठरलेले अणू. दोन्हींतली तफावत 'रिमार्क ४६५' खाली नोंदवतात. अवशेष आहे पण त्याचे काही अणू नाहीत, असे असेल तर 'रिमार्क ४७०'.

फटी भरायला हात घालण्याआधी ही यादी वाचावी, कारण क्रमांक तुटला म्हणजे साखळी तुटली असे नाही. जेलीफिशच्या हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनात ६५, ६६ आणि ६७ हे तीन अवशेष एकत्र येऊन रंगद्रव्य बनते. फाइलीत ते ६६ या एकाच क्रमांकावर बसते, म्हणून मोजणी ६४ वरून ६६ वर आणि तिथून थेट ६८ वर जाते. तिथे नवे अवशेष भरणारा सुस्थितीतले प्रथिन बिघडवतो. कायमोट्रिप्सिन या पाचक एन्झाइममध्ये १४-१५ आणि १४७-१४८ हे अवशेष खरोखरच नसतात. प्रथिन सक्रिय होताना ते कापले जातात. सेलेनोमिथिओनिन हे सेलेनियमयुक्त अमिनो आम्लही ॲटमऐवजी 'हेटॅटम' या नेहमीच्या अवशेषांबाहेरच्या अणूंच्या ओळींत असल्याने एखादा प्रोग्रॅम ते गाळतो आणि नसलेली फट दाखवतो.

स्फटिकशास्त्रज्ञ 'कूट'सारख्या प्रोग्रॅममध्ये फटीच्या दोन्ही कडांवरून एकेक अवशेष जोडतो, परिष्करण करतो (मॉडेल मोजमापांशी अधिक जुळवतो) आणि नकाशा पुन्हा पाहतो. घनता साथ देईनाशी झाली की थांबायचे. काही जण अणू ठेवून त्यांची ऑक्युपन्सी (अणू त्या जागी असण्याचे प्रमाण) शून्य करतात. हा मार्ग सर्वांत वाईट म्हणावा लागेल, कारण चित्र काढणारे सॉफ्टवेअर ते अणू खऱ्यासारखेच रंगवते.

रेण्वीय गतिकीचे, म्हणजे अणूंच्या हालचालींचे, संगणकावर सिम्युलेशन करणाऱ्याला मात्र बहुधा अखंड साखळी लागते. त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या स्फटिकात तो लूप दिसत असेल तर तोच उचलणे उत्तम. नाहीतर लूप रचून देणारे 'मॉडेलर' किंवा 'रोझेटा' हे प्रोग्रॅम. क्रमावरून रचना वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रोग्रॅमचे भाकीतही वापरतात, पण जिथे घनता नाही तिथे त्याचाही विश्वासांक अनेकदा खालावलेला असतो. एक साधा हिशेब आधी करावा. लागोपाठच्या दोन अवशेषांच्या अल्फा कार्बनांमध्ये (अवशेषाच्या मध्यवर्ती कार्बन अणूंमध्ये) साधारण ३.८ ॲंगस्ट्रॉम अंतर असते; एक ॲंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. ४० नंतर थेट ४६ असेल, तर मधल्या पाच अवशेषांच्या सहा टप्प्यांत जास्तीत जास्त २२.८ ॲंगस्ट्रॉम गाठता येतील. फट त्याहून रुंद निघाली तर क्रमांकन किंवा जोडलेली कड चुकली आहे.

भरलेला लूप रामचंद्रन आलेखावर, म्हणजे साखळीतले कोणते कोन शक्य आहेत ते दाखवणाऱ्या आलेखावर, तपासतात. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आलेख १९६३ साली मद्रासमध्ये मांडला. लांबलचक फट सक्रिय स्थळापासून (प्रथिनाचे काम चालते त्या जागेपासून) दूर असेल तर लूप कल्पनेने रचण्यापेक्षा तुटक्या कडांना ॲसिटाइल आणि एन-मिथिल अमाइड या रासायनिक गटांच्या टोप्या घालतात. त्यामुळे त्या कडांवर खोटा विद्युतभार येत नाही.