तोलोलिंगवर पडलेलं एमआय-१७

कारगिलच्या लढाईत २८ मे १९९९ रोजी द्रासजवळच्या तोलोलिंग शिखराच्या परिसरात हवाई दलाचं एक एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं. स्क्वाड्रन लीडर पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट मुहिलन, सार्जंट प्रसाद आणि सार्जंट साहू हे चौघेही गेले. त्याची कारणं आधीच्या आठवड्यात सापडतात.

घुसखोरांनी द्रास-कारगिलची शिखरं बळकावल्यावर लष्कराने सुरुवातीला हेलिकॉप्टरांचीच मदत मागितली होती. हवाई दलप्रमुख अनिल यशवंत टिपणीस यांचं म्हणणं वेगळं होतं: संथ हेलिकॉप्टर तिथे आयतंच नेमात सापडेल, आणि सरकारच्या परवानगीशिवाय हवाई हल्ला करता येणार नाही. पुढे नियंत्रण रेषा न ओलांडण्याच्या अटीवर परवानगी मिळाली आणि २६ मे रोजी ‘ऑपरेशन सफेद सागर’ सुरू झालं. खास हल्ल्यासाठी बनवलेली एमआय-२५, एमआय-३५ हेलिकॉप्टरं एवढ्या उंचीवर चालणारी नव्हती. मग माणसं-सामान वाहणाऱ्या एमआय-१७लाच रॉकेटं लावून धाडलं गेलं.

धोक्याचा इशारा मिळालेला होता. २१ मे रोजी टेहळणीवरच्या कॅनबेरा विमानाच्या इंजिनाला क्षेपणास्त्र लागलं. वैमानिकाने ते एका इंजिनावर श्रीनगरला उतरवलं. २७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ या लढाऊ विमानाचं इंजिन बंद पडलं आणि त्यांचा शोध घेणाऱ्या स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचं मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडलं. एमआय-१७ गेलं ते दुसऱ्याच दिवशी.

खरी मेख डोंगराच्या उंचीत होती. स्टिंगरसारख्या, खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्राचा पल्ला जेमतेम चार-पाच किलोमीटरचा. सपाटीवर २० हजार फुटांवरचं विमान त्याच्या हाती लागत नाही. पण ते डागणारा माणूस १५ हजार फुटांच्या कड्यावर बसला की अंतर उरतं पाच हजार फूट. हेलिकॉप्टर तर त्याच्या नजरेच्या पातळीतच येतं, कधी खालीही. उष्णतेचा माग काढत येणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवायला फ्लेअर, म्हणजे जळते गोळे, सोडतात. पडलेल्या एमआय-१७वर ती सोयच नव्हती. माझ्या मते त्या दिवशीची सगळ्यात मोठी चूक हीच.

त्यानंतर एमआय-१७ हल्ल्याच्या कामातून काढून घेतलं आणि लढाऊ विमानं क्षेपणास्त्राच्या पल्ल्यापलीकडे, खूप वर नेली. साहजिकच साध्या बॉम्बचा नेम चुकू लागला. म्हणून मिराज-२०००वर इस्रायली लाइटनिंग पॉड, म्हणजे लक्ष्यावर लेझर रोखणारं उपकरण, बसवून त्या लेझरच्या मागाने जाणाऱ्या बॉम्बची घाईघाईने तयारी झाली. तोलोलिंग १३ जूनला राजपुताना रायफल्सच्या जवानांनी घेतलं. २४ जूनला टायगर हिलवर लेझर बॉम्ब पडला, तेव्हा दुसऱ्या एका दोन आसनी मिराजमध्ये खुद्द टिपणीस बसलेले होते.