बटणावर काय लिहिलंय ते आधी कळू दे की

बेळगावात खडेबाजारातल्या कुठल्याही मोबाईल दुकानात जरा उभं राहून ऐका, मालक एकाला सांगतोय 'फोटो शेअर करा' आणि लगेच दुसऱ्याला कन्नडातनं 'शेअर माड्री'. शब्द तोच, नुसतं क्रियापद बदललं. पोस्ट, लाईक, शेअर, फॉलो असले साधे शब्द निपाणी, चिकोडी, खानापूर सगळीकडं असेच चालतात.

मग कंपन्या आपापल्या ॲपच्या बटणांना वेगळेच शब्द का काढतात? त्याला कारण आहे. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1933 मध्ये दाखवलं की एकसारख्या गोष्टींच्या यादीत जी एक वेगळी असते तीच जास्त लक्षात राहते. ऑर्कुट ही सोशल साईट 2014 ला बंद पडली, पण तिथं एकमेकांच्या पानावर लिहायच्या निरोपाला म्हणायचे तो 'स्क्रॅप' शब्द अजून आठवतोय बघा कित्येकांना. मॅस्टोडॉन नावाचं ट्विटरसारखं एक ॲप आहे. मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीच्या नात्यातला नामशेष प्राणी, म्हणून त्या ॲपवर पोस्टला 'टूट' म्हणायचे, हत्तीच्या सोंडेचा आवाज!

पण लक्षात राहणं वेगळं आणि पहिल्यांदा बघून अंदाज येणं वेगळं, इथंच सगळी गडबड होते. जॉर्ज फर्नास हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1987 चा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. एकाच गोष्टीला किंवा कामाला लोक आपणहून काय नाव देतात हे त्यांनी तपासलं, तर दोन माणसं तोच शब्द निवडायची शक्यता 20 टक्क्यांपेक्षा कमी निघाली. म्हणजे साधा शब्द ठेवला तरी बरेच जण चुकणारच, आणि त्यात तुम्ही 'टूट' ठेवलं तर नवीन माणसानं ओळखायचं कसं? 2022 च्या शेवटी मॅस्टोडॉनचं व्हर्जन 4 आलं तेव्हा बटणावर 'टूट'च्या जागी 'पब्लिश' होतं.

गंमत म्हणजे आतल्या कोडमध्ये मॅस्टोडॉनची पोस्ट पहिल्यापासून 'स्टेटस'च आहे. दुसऱ्याची पोस्ट पुढं पाठवायला मॅस्टोडॉनवर 'बूस्ट' म्हणतात, मिसकी या तसल्याच दुसऱ्या ॲपवर 'रीनोट', आणि दोन्ही ॲप एकमेकांशी बोलतात ते ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलनं, म्हणजे ठरलेल्या नियमांनी, 2018 पासून तो वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू3सी या संस्थेचा अधिकृत स्टँडर्ड आहे, त्यात याच कामाला 'अनाउन्स' म्हणतात. वरची नावं काहीही असूदेत, खाली एकच साधा शब्द ठरलाय म्हणून तर निरोप इकडनं तिकडं पोचतोय.

लोकांनी स्वतः काढलेले शब्द मात्र टिकतात. 2007 मध्ये क्रिस मेसिनानं ट्विटरवर हॅशटॅग सुचवला, दुसऱ्याचं ट्वीट पुढं पाठवताना लोक हातानं 'आरटी' म्हणजे रीट्वीट असं टाईप करायचे आणि 2009 ला कंपनीनं रीट्वीटचं बटण दिलं. 2023 मध्ये ट्विटरचं एक्स झालं, ट्वीटचं पोस्ट झालं, तरी आपल्याकडं 'ट्वीट केलं' म्हणणारे आहेतच. म्हणून माझं म्हणणं एवढंच की बटणावर साधा शब्द ठेवा, टोपणनाव लोकांना पाडू द्या.

आणि फर्नासनी त्यावर सुचवलेला उपाय तर अजून सोपा आहे, एकाच कामाला जेवढे शब्द सुचतील तेवढे सगळे कॉम्प्युटरनं ओळखायचे. हेल्पच्या सर्चमध्ये कुणी 'शेअर' लिहूदे, 'बूस्ट' लिहूदे नाहीतर 'फॉरवर्ड', बटण सापडलं पाहिजे. आपल्या भागासाठी करायचं तर त्यात मराठी 'पाठव' आणि कन्नड 'कळिसु' दोन्ही लागणार, शिवाय हेच शब्द रोमन अक्षरांत टाईप करणारे पण धरायला लागतील.