खोबरेल तेल आणि गाडीची सीट

जुनी गाडी बघायला गेलं की लोक टायर बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात. मी आधी ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड बघतो. चढता-उतरताना दर वेळी मांडी तिथेच घासते, त्यामुळे मीटरवरच्या आकड्यापेक्षा माझा या कडेवर जास्त भरवसा. बाकी लेदरची सीट काळी कुळकुळीत आणि ही कड मात्र राखाडी, भेगाळलेली. मग घरातलं कुणीतरी हमखास सुचवतं, "थोडं खोबरेल चोळ, रंग परत येईल."

आणि येतोही! दोन-चार दिवसांपुरता.

या दोन-चार दिवसांत घडतं ते मोठं गमतीचं असतं. झिजलेल्या कातड्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य खाचा असतात आणि त्यांत हवा भरलेली असते. अपवर्तनांक म्हणजे एखाद्या पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप. हवेचा अपवर्तनांक १, कातड्यातल्या तंतूंचा साधारण १.५. हा फरक मोठा असल्यामुळे प्रकाश खाचाखाचांवर आपटून चहूकडे विखुरतो, आणि ही पांढुरकी झाक काळ्या रंगावर पसरते. खोबरेलाचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास, म्हणजे तंतूंच्या बराच जवळ. खाचांत हवेऐवजी तेल शिरलं की विखुरणं घटतं आणि रंग गडद भासतो. भिजलेला शर्ट गडद दिसतो तोही याच कारणाने. तेल कपड्यांना पुसलं जातं, थोडं आत मुरतं, आणि राखाडी कड पुन्हा हजर. रंगाचा एक कणही वाढलेला नसतो. धूळ मात्र छान चिकटते.

तेलावरचा हा विश्वास बहुधा चपलांमुळे आलेला असावा. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्यावर प्लॅस्टिकचा लेप नसतो. तिथे तेल तंतूंमध्ये शिरतं आणि कातडं खरंच मऊ होतं. गाडीच्या सीटचं कातडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी किंवा अल्डिहाइडने कमावलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे ते रंगवलेलं असतं. रंगद्रव्याचे बारीक कण पॉलियुरेथेनसारख्या बहुवारिकात (पॉलिमरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थात) धरून ठेवलेले, त्यावर आणखी एक पारदर्शक थर. सगळं मिळून जाडी साधारण केसाएवढी. आपण ज्याला लेदरचा रंग म्हणतो तो हा रंगाचा हात. घासून गेलेला असतो तोच. खालचं कातडं अनेकदा धडधाकट असतं. घाम, डोक्याचं तेल आणि बाजूच्या काचेतून येणारे अतिनील किरण या लेपाला आणखी कमकुवत करतात. (समोरच्या काचेच्या पोटात प्लॅस्टिकचा पडदा असतो, तो हे किरण बहुतांशी अडवतो. बाजूची साधी काच तेवढं करत नाही.)

म्हणजे उपाय रंगाऱ्याचा. आणि भिंत असो वा सीट, अर्धी मेहनत रंगाआधीची. आधी मळ आणि तेलकटपणा पूर्ण काढायचा, कारण तेलावर नवा थर धरत नाही. खोबरेल चोळणाऱ्यांनी इथे स्वतःचंच काम वाढवून ठेवलेलं असतं. मग बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा, भेगा लवचीक फिलरने भरायच्या. रंग पाण्यात कालवलेला असतो: बहुवारिकाचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात, पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो. फेव्हिकॉल ओलं असताना पांढरं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं, तेही असंच. म्हणून एकच जाड हात देऊ नये. वरची साय आधी धरते, पाणी खाली अडकतं आणि थर पुढे सोलपटतो. पातळ हात, मध्ये वाळवणं, पुन्हा पातळ हात, शेवटी संरक्षक थर. बुटाचं पॉलिश या कामाचं नाही. ते मुख्यतः मेण, मांडीच्या उबेने पँटला लागतं.

रंग जुळवणं हे खरं डोकेदुखीचं काम. सीटखालचा मूळ रंग आणि वरचा उन्हाने उतरलेला रंग आता एक राहिलेले नसतात, म्हणून नुसती कड रंगवायची असेल तर शेजारच्या भागाशी जुळवावं लागतं. त्यात दोन वेगळी मिश्रणं एका प्रकाशात सारखी आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळी दिसू शकतात. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला तपकिरी रंग बाहेर आल्यावर लालसर निघतो. तेव्हा पहिला ठिपका लावला की गाडी उन्हात काढायची, आणि दार उघडून नीट बघायचं.