साहेबांनी शेवटी बोलावं

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या आपल्या वरिष्ठांना 'एथिकल लीडरशिप'च्या शिबिराला पाठवतात. वाशीतलं हॉटेल, दोन दिवस स्लाइड्स, शेवटी ग्रुप फोटो. त्यावर ठरलेली कुजबुज असते: "पन्नाशीच्या माणसाला आता काय नीती शिकवणार? ती घरातूनच यावी लागते." गंमत म्हणजे शिबिर भरवणारा आणि त्याला हसणारा, दोघेही नीती माणसाच्या आतच शोधतात. मला ती टेबलाभोवती जास्त सापडते.

समजा, शटडाउन चालू आहे, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवलाय. टाकीवर वेल्डिंग करायचंय. हॉट वर्क परमिटवर (ठिणगी उडणाऱ्या कामाच्या परवान्यावर) गॅस टेस्टचं, म्हणजे पेट घेणारा वायू आहे का ते पाहणाऱ्या तपासणीचं, रीडिंग सकाळी आठचं आणि आता वाजलेत तीन. प्लांट हेड म्हणतात, "सकाळीच बघितलंय हो, चालू करा." मेंटेनन्सवाला मान डोलावतो, प्रॉडक्शनवालाही. आता सहीची पाळी सेफ्टी ऑफिसरची. वय अठ्ठावीस.

ही पाळी सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात अमेरिकेत मोजली. समोर एक रेघ. शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते सांगायचं. एकट्याने सांगताना चूक शंभरात एकही होत नसे. पण गटातले बाकी सगळे अ‍ॅशने पढवलेले होते आणि ठरवून एकच चुकीचं उत्तर देत. खऱ्या उमेदवाराची पाळी शेवटाकडे यायची. अशा फेऱ्यांत सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटाच्या बाजूने, म्हणजे चुकीची आली.

खरी मजा पुढे आहे. विरोधात एकच माणूस असेल तर फारसा फरक पडत नाही. दोघे असले तर चुका 13.6 टक्के, तिघे असले तर 31.8. त्यापुढे माणसं वाढवून दबाव विशेष वाढत नाही. उलट गटात एकाने खरं उत्तर दिलं की उमेदवाराच्या चुका साधारण पाव उरतात. हा साथीदार सहा फेऱ्यांनंतर गटाला जाऊन मिळाला, की चुका एकदम 28.5 टक्क्यांवर. साथीदाराचं उत्तर बरोबर असायलाच हवं असंही नाही; तो गटापेक्षा वेगळं चुकला तरी उमेदवाराची जीभ सैल होते. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचं असेल, तर दबाव बराच उतरतो. पुढच्या अभ्यासांत समूहाला जास्त मान देणाऱ्या समाजांत ही ओढ आणखी जोरकस दिसली. आपण कुठे बसतो ते सांगायला नको.

2005 मध्ये ग्रेगरी बर्न्स यांच्या गटाने अशाच प्रयोगात एफएमआरआयने, म्हणजे मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या स्कॅनने, मेंदू पाहिला. गटाविरुद्ध स्वतंत्र उत्तर देताना मेंदूतल्या उजव्या अमिग्डाला या भागात हालचाल वाढलेली दिसली. भावनांशी, त्यातही भीतीशी, अमिग्डालाचं नातं जुनं आहे. वेगळं बोलणं अंगावर येतं ते असं.

मग वरिष्ठांना शिकवता येतं का? वैमानिकांना शिकवलं गेलं. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर, धुक्यात, दोन जंबो विमानं धडकली आणि 583 माणसं गेली. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने दुसरं विमान बाजूला झालं का, अशी शंका काढली होती. अत्यंत ज्येष्ठ कॅप्टनने ठामपणे "हो" म्हटलं आणि विषय संपला. अशा अपघातांनंतर नासाने 1979 मध्ये कार्यशाळा घेतली आणि त्यातून कॉकपिटमधल्या समन्वयाचं प्रशिक्षण उभं राहिलं. त्यात कॅप्टनच्या संस्कारांना कुणी हात लावला नाही. शंका मागून घ्यायची कशी, हाताखालच्याने ती पुन्हा कशी मांडायची, याचा सराव करून घेतला.

परमिटच्या टेबलावरही तेच करता येईल. आधी सगळ्यात कनिष्ठाने आपलं मत लिहायचं, मग एकेक करत वर, आणि साहेबांनी शेवटी बोलायचं. शिबिराचा उपयोग झाला का, हे मात्र फीडबॅक फॉर्मवर विचारू नका. तिथे जेवणालाच जास्त गुण मिळतात. वर्षभरात किती परमिट कनिष्ठांनी परत पाठवले आणि मार्चमध्ये त्यांच्या इन्क्रिमेंटचं काय झालं, ते एचआरला विचारा.