‘प्रेम’ हा रकाना नसलेली नोंदवही

आमच्या गावच्या वाचनालयाची जुनी दाखल नोंदवही मी चाळली आहे. लाल कापडी पुठ्ठा, आत शाईच्या टाकानं ओढलेले रकाने: अनुक्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत, विषय. विषयाच्या रकान्यात ऐतिहासिक, सामाजिक, पौराणिक, रहस्य, धार्मिक, शेती. ‘प्रेम’ हा शब्द अख्ख्या वहीत एकदाही नाही. आणि कपाट उघडलं तर ज्यांची शिवण उसवली आहे, पानं तेलकट झाली आहेत, कोपरे दुमडून दुमडून गळाले आहेत, ती पुस्तकं जवळजवळ सगळी प्रेमाचीच.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूचं. घरी मी वाचत बसले की आजीचा एकच प्रश्न: “काय वाचून रायली वं?” पेशव्यायचं हाये म्हटलं की, “मंग वाच.” कॉलेजातल्या पोरापोरीची गोष्ट असली की पुस्तक पाठ्यपुस्तकाच्या आत. ऐतिहासिक कादंबरीतलं प्रेम उजेडात, आजच्या काळातलं प्रेम पऱ्हाट्यांच्या गंजीआड. ही वाटणी आमच्या आजीनं केलेली नव्हती. ती मराठी कादंबरीच्या जन्मापासूनची आहे.

१८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. दोन्ही अद्भुतरम्य, राजघराण्यातल्या. त्याआधी १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’मध्ये विधवांचे हाल लिहून खऱ्या जगाला हात घातला होता, पण त्या वाटेनं लगेच फारसं कोणी गेलं नाही. का गेलं नाही, हे रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेतच सांगून टाकलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या लोकांत लग्नाची रीतच अशी आहे, की रोजच्या जगण्यात कादंबरीजोगं मन वेधणारं काही घडत नाही, रोजचंच लिहावं तर त्यात कोणाला गोडी वाटणार?

मला हे वाक्य मराठी प्रणयकादंबरीची जन्मकुंडली वाटते. नवरी आठ-नऊ वर्षांची, नवरा तिनं अंतरपाट दूर झाल्यावर पहिल्यांदा पाहिलेला. अशा घरात कोण कोणाची वाट पाहणार, कोण कोणाला चिठ्ठी लिहिणार? मग लेखकानं नायिकेला उचलून राजवाड्यात नेली, कारण तिथं तिला खिडकीत उभं राहायची मुभा होती. १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली. ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये ती क्रमशः छापली जात होती आणि मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. काल्पनिक राजवाड्याच्या जागी शिवकाळातला किल्ला आला. प्रेमाला आता नुसती मुभा नव्हे, प्रतिष्ठाही मिळाली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये दोन्ही वाटा चालवल्या. ऐतिहासिक कादंबऱ्यांत घोडदौड आणि निष्ठा; आणि ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये बालविवाह झालेल्या यमूचं आयुष्य, ज्याला प्रणयकथा म्हणायची हिंमत कोणी करणार नाही. त्यातही यमू आणि तिच्या नवऱ्याचं मुंबईत नव्यानं मांडलेलं बिऱ्हाड येतं तेव्हा दोन क्षण वाटतं, हेच तर हवं होतं. मग हरिभाऊ तेही काढून घेतात.

रिसबूड कोकणातले नि देशावरले संसार पाहून लिहीत असतील. विदर्भाकडे पाहिलं असतं तर त्यांना एक जुनं उदाहरण सापडलं असतं. वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरची रुक्मिणी. भागवताच्या दहाव्या स्कंधात तिचं कृष्णाला पत्र आहे, सातच श्लोकांचं. भाऊ दुसरीकडे लग्न लावतो आहे, लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला मी गावाबाहेर येणार आहे, तिथून घेऊन जा. न पाहिलेल्या माणसाला पोरगी स्वतःहून पत्र धाडते आणि पळून जायची जागाही तीच ठरवते! दमयंतीही इथलीच. तेराव्या शतकात महानुभावांच्या महदंबेनं रिद्धपूरला धवळे, म्हणजे लग्नगीतं, गायले, तेही याच लग्नाचे. त्या रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. १५७१ मध्ये एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ पुरं केलं आणि पुढे लग्न जुळत नसलेल्या मुलींनी त्याचं पारायण करायचा प्रघात पडला. आमच्याकडे तो अजून आहे. म्हणजे ज्या घरात प्रेमविवाहाचं नाव काढलं तर ताटं आदळतात, त्याच घरात देव्हाऱ्यापुढं बसून मुलगी पळून जाण्याची कथा मोठ्यानं वाचते आणि आई तिच्यापुढं दूधसाखरेचा नैवेद्य ठेवते. देवाचं नाव असलं की चालतं. तसंच पुढे इतिहासाचं नाव असलं की चालायला लागलं.

सामाजिक कादंबरीत प्रेम शिरलं ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, आणि त्याला लेखकांच्या प्रतिभेइतकंच मुलींचं वाढतं वय कारणीभूत आहे. १९२९ मध्ये शारदा कायदा झाला; मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरलं. शहरात ते त्याआधीच वर सरकू लागलं होतं, मुली कॉलेजात दिसू लागल्या होत्या. नायिकेला लग्नाआधीची चार-पाच वर्षं मिळाली. ना. सी. फडक्यांनी ती वर्षं बरोबर हेरली. ‘जादूगार’, ‘दौलत’ या त्याच सुमाराच्या. टेनिस, चहाचे पेले, मोटार, गैरसमज, खुलासा, शेवटी लग्न. १९३१ मध्ये त्यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा कशी बांधावी याचं शास्त्रही मांडलं. माझं मत विचाराल तर फडके वाचताना कंटाळा येत नाही आणि पुस्तक मिटल्यावर काही उरतही नाही; पण त्यांच्याइतकं सफाईनं पान उलटायला लावणं ज्यांना जमलं नाही, त्यांनीच त्यांची जास्त चेष्टा केली. खांडेकरांचं उलटं. त्यांच्या नायकाला प्रेमापेक्षा त्यागाची घाई.

या काळात विदर्भ नुसता वाचत नव्हता, लिहीतही होता, आणि जरा जास्तच धीटपणे. पु. य. देशपांड्यांच्या ‘बंधनाच्या पलीकडे’नं १९२७ मध्ये महाराष्ट्रात वाद पेटवला. नागपुरात ‘तरुण भारत’चे संपादक असलेल्या ग. त्र्यं. माडखोलकरांनी राजकारण आणि प्रणय एकाच कादंबरीत कालवले. वाशीमला जन्मलेल्या गीता साने यांनी १९३६ मध्ये ‘निखळलेली हिरकणी’ लिहिली. त्यांच्या नायिका प्रेमात पडतात, पण प्रेम केलं म्हणून नवरा बरोबरीनं वागतोच असं नाही, हे त्यांना लौकर कळतं. आजच्या समकालीन प्रणयकथा ज्या मुक्कामाला पोचून संपतात, तिथून गीताबाईंची कादंबरी सुरू होते. तरी आमच्या वाचनालयाच्या वहीत त्यांचं एकही पुस्तक नाही. कोणी मागितलं नसेल, कारण कोणी सांगितलंच नाही.

आणि विदर्भातली सगळ्यात सुंदर प्रेमकथा तर कादंबरीच नव्हती. मूर्तिजापूरला जन्मलेले कवी अनिल, म्हणजे आ. रा. देशपांडे, आणि अमरावतीच्या कुसुमावती यांनी लग्नाआधी एकमेकांना लिहिलेली पत्रं १९७२ मध्ये ‘कुसुमानिल’ म्हणून पुस्तकरूपानं आली. कुसुमावती तेव्हा हयात नव्हत्या. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा साक्षेपी इतिहास लिहिणाऱ्या बाई त्याच. इतक्या कादंबऱ्यांची चिरफाड केलेल्या या बाईंची स्वतःची पत्रं वाचताना मला कायम चोरून वाचल्यासारखं वाटतं. खरं तर ते पुस्तक मी आजीसमोर उघड वाचलं होतं. पत्रं आहेत, कवीची आहेत, एवढ्यावर भागलं.

गावात पुस्तक पोचायचं कसं, हाही या इतिहासाचा भाग. कापसाच्या गाठी वाहण्यासाठी घातलेली यवतमाळ–मूर्तिजापूर अरुंद रुळांची शकुंतला गाडी आमच्या भागातून जायची. तिच्या चालीनं एका प्रवासात अर्धी कादंबरी व्हायची. एसटी आली आणि स्टँडवरच्या टपरीत केळ्यांच्या घडाशेजारी दोरीला लटकलेली पातळ पुस्तकं आली. ‘स्त्री’, ‘किर्लोस्कर’, ‘मनोहर’, पुढे ‘मेनका’, ‘माहेर’ ही मासिकं शाळामास्तरांच्या नाही तर तलाठ्याच्या घरी यायची आणि दोन महिन्यांत गावभर फिरून सुटी पानं होऊन परत जायची. १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, अनुदान सुरू झालं आणि ग्रामपंचायतीच्या एका खोलीत लोखंडी कपाट उभं राहिलं. पुस्तकं निवडणारे बहुधा पुरुष, वाचणाऱ्या निम्म्याहून अधिक बाया, त्याही स्वतः न येता पोराला चिठ्ठी देऊन धाडणाऱ्या. चिठ्ठीवर कधी लेखकाचं नाव नसे. “मागच्या खेपी देल्ली तशीच दे,” एवढंच. त्या ‘तशीच’मध्ये योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, सगळ्या आल्या. समीक्षेनं त्यांना ‘लोकप्रिय’ म्हणून एका ओळीत उरकलं.

चंद्रकांत काकोडकर मात्र चिठ्ठीवरही येत नसत. ते टपरीवरच. त्यांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये न्यायालयानं ती अश्लील नाही असा निकाल दिला. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून निघालेला हिंदी सिनेमा ‘दो रास्ते’ देशभर चालला. गावात निकालाची बातमी पोचली नाही, सिनेमा पोचला. काकोडकर गादीखालीच राहिले.

नेमक्या याच सुमारास ऐतिहासिक कादंबरीला भर आला. १९६२ मध्ये रणजित देसाईंची ‘स्वामी’, १९७२ मध्ये ना. सं. इनामदारांची ‘राऊ’. आमच्या वहीत ‘स्वामी’च्या तीन प्रती आहेत, पहिल्या दोन वाचून वाचून संपल्या. माधवराव आणि रमा यांचं प्रेम लग्नानंतरचं. रिसबुडांची अडचण देसाईंनी अशी सोडवली: लग्न लहानपणीच झालंय ना, मग त्या दोघांना वाड्यातल्या चार घटका द्या आणि राज्याचा पसारा मध्ये आणा. गावातल्या बायांना हे प्रेम सगळ्यात ओळखीचं वाटलं. सासू-सासरे, चुलते, पाहुणे यांच्या गराड्यात नवऱ्याशी चार शब्द बोलायला न मिळणं हे शनिवारवाड्यातलं दुःख नव्हतं, ते आमच्या घरोघरचं होतं.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. १७७२ मध्ये थेऊरला माधवराव गेले तेव्हा रमाबाई सती गेल्या, हा इतिहास. लेखकानं तो बदलावा असं मी म्हणणार नाही. पण ती चिता प्रेमाचा कळस म्हणून इतकी फुलांनी सजते की शेवट वाचून रडणाऱ्या बायांना आपण कशावर रडतोय हे उमगू नये. ‘राऊ’त हा गोडवा कमी आहे. मस्तानीला घरात जागा नाही, हे इनामदार पानोपानी जाणवू देतात आणि बाजीराव १७४० मध्ये रावेरखेडीला नर्मदेकाठी संपतो.

इंग्रजी ऐतिहासिक प्रणयकथा यापेक्षा सुखी असते, त्याचं कारण साधं आहे. जॉर्जेट हेयर यांच्यासारख्या लेखिकेनं काळ खरा घेतला, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचं इंग्लंड, पण प्रेमी जोडपं मनाचं. ज्याचं नाव बखरीत नाही, त्याचं लग्न लावून द्यायला कोण अडवणार? आपण मात्र खुद्द बाजीराव आणि खुद्द माधवरावच घेतो. मग शेवट आधीच लिहिलेला असतो. पेशव्यांच्या फौजेतल्या एखाद्या सामान्य शिलेदाराची आणि वऱ्हाडातल्या कोष्ट्याच्या पोरीची निव्वळ प्रेमकथा कपाटात शोधावी तर माझ्या हाती लागलेली नाही.

आणि आजच्या काळातली वऱ्हाडी प्रेमकथा? उद्धव शेळक्यांनी १९६० मध्ये ‘धग’ लिहिली, वऱ्हाडी बोलीसकट. कौतिकचा संसार इतका खरा की त्यात प्रेमाला श्वास घ्यायला जागा नाही. त्याच शेळक्यांना लेखणीवर पोट भरताना पुढे रंजक कादंबऱ्यांचा रतीब घालावा लागला. मधलं काही आलं नाही. सध्या आमच्याकडे तीन-चार एकर कोरडवाहू असलेल्या पोराला कोणी मुलगी द्यायला तयार नाही. तिशी उलटलेले नवरदेव दर गावात आहेत. प्रणयकथेचा नायक होण्याइतकी वाट त्यांनी नक्कीच पाहिली आहे. पण कादंबरीतला नायक अजून पुण्यात नोकरीला.

आमच्या मामीनं ‘राऊ’ चार वेळा वाचली. शेवटची पानं एकदाही नाही. बाजीरावाचं आजारपण सुरू झालं की ती पुस्तक मिटून पोराहाती परत धाडायची. गेल्या काही वर्षांपासून ती मोबाइलवर ‘प्रतिलिपी’त वाचते. २०१४ मध्ये सुरू झालेलं हे ॲप स्वस्त डेटा आल्यावर गावात शिरलं. करारावरचं लग्न, करोडपती नवरा, सोशिक नायिका. मला तर दहा भागांत शिसारी येते. पण लिहिणाऱ्यांत तालुक्याच्या गावातल्या बायाही आहेत, आणि विषयांच्या यादीत ‘प्रेम’ हा रकाना तिथं सगळ्यात वर आहे. मामी सध्या जी कथा वाचते तिचे दोनशेवर भाग झालेत. परवा सरकी काढता काढता मी विचारलं, संपणार कधी ही? “कायले संपते वो,” मामी म्हणाली, आणि हात पुसून तिनं पुढचा भाग आला का ते पाहिलं.